चावी फिरत नाही तेव्हा आधी दार बघा, मग कुलूप

खेड्यात कुलूप अडलं की पहिला हात हातोड्याकडे जातो. तालुक्याचा चाबीवाला २५-३० किलोमीटरवर, पावसाळ्यात मधला नाला भरलेला, रात्र झालेली, आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, तोडून टाक." मग कुलपासोबत कोयंडा जातो, कोयंड्यासोबत चौकटीचा तुकडा निघतो, आणि दोनशे रुपयांच्या कुलपापायी सागवानी चौकट बदलायची वेळ येते. खरं तर अशा अडलेल्या कुलपांपैकी बऱ्याच कुलपांमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. बिघडलेली असते ती त्याच्यावर येणारी ओढ. दार खाली बसलेलं असतं, फुगलेलं असतं किंवा चौकट तिरपी झालेली असते आणि त्या सगळ्याचा भार कुलपाच्या जिभेवर येतो. भार उतरवला की तीच चावी दोन बोटांनी फिरते.

विदर्भात हे जास्त होतं, त्याला कारण आपली जमीन. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वावरात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या पायाखालीही तीच माती असते. पाया उथळ असला तर भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते, थोडी बसते. चौकटीचा काटकोन चार-पाच मिलिमीटरने हलला तरी पुरे, कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकासमोर येत नाही. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल धरतं. सागवान कमी फुगतं. आंबा, कडुनिंब, बाभूळ जास्त. फ्लश डोअरचा खालचा भाग तर पाणी पिऊन पिठासारखा होतो. म्हणून जे कुलूप एप्रिलमध्ये लोण्यासारखं चालत होतं ते ऑगस्टमध्ये दगड झालं, तर कुलपाला दोष देऊ नका.

दोष कुठे आहे हे ओळखायची साधी परीक्षा आहे. दार उघडं असताना चावी घालून दहा वेळा फिरवा. उघड्या दारात मोकळी आणि बंद दारात घट्ट, तर कुलूप चांगलं आहे, दार खराब आहे. जीभ नेमकी कुठे घासते ते पाहायचं असेल तर तिच्या टोकाला तेलात कालवलेलं कुंकू लावा, दार लावून चावी फिरवून बघा. चौकटीवरच्या पट्टीवर जिथे लाल डाग उमटेल तिथे कानशीने एक-दोन मिलिमीटर घासलं की काम होतं. मात्र दाराचं लाकूड ऑगस्टमध्ये रंधून घेऊ नका. तेव्हा ते फुगलेलं असतं. तेव्हा रंधा मारला की मे महिन्यात त्याच दाराला बोटभर फट पडते. तात्पुरतं मेणबत्ती किंवा कोरडा साबण काठावर चोळा आणि रंधा दिवाळीनंतर मारा.

आता दार बंद आहे, तुम्ही बाहेर आहात आणि चावी अडली आहे. चावी नेमकं काय करते आहे ते आधी पाहा. चाबीवाल्याला फोनवर हेच सांगायचं असतं.

चावी आतच जात नाही. आपल्याकडे याचं एक कारण शहरातल्या माणसाला पटणार नाही: कुंभारीण माशी. ही माशी चावीच्या भोकात माती भरून घर करते, विशेषतः महिना-दोन महिने बंद असलेल्या घराच्या, विहिरीवरच्या मोटारखोलीच्या किंवा शेतातल्या गोदामाच्या कुलपात. ही माती ओली करायची नाही. पाणी घातलं की तिचा चिखल होऊन आतल्या खिट्ट्यांमध्ये बसतो. बारीक तारेने कोरडीच खरवडायची, कुलपाचं तोंड खाली ठेवायचं आणि सायकलच्या पंपाने हवा मारायची. दुसरं कारण, मोठ्या लिव्हरच्या (आत चपट्या पट्ट्या असलेल्या) दारकुलपाला आतल्या बाजूने चावी लागलेली असते. तिसरं, आधीच्या चावीचा तुकडा आत अडकलेला असतो. बॅटरीच्या उजेडात बघितल्याशिवाय काहीही आत ढोसू नका.

चावी जाते पण फिरत नाही. हाच सगळ्यात जास्त येणारा प्रकार, आणि इथेच भार उतरवणं कामी येतं. एका माणसाने दार मुठीने स्वतःकडे ओढायचं, मग वर उचलायचं, मग आत ढकलायचं. प्रत्येक स्थितीत दुसऱ्याने चावी फिरवून बघायची. दार बिजागरीत खाली लोंबलेलं असेल तर दाराखाली लाकडाचा तुकडा ठेवून सब्बलीने दोन-तीन मिलिमीटर उचला. सब्बल थेट फरशीवर टेकवू नका, फरशी फुटते. चावी फक्त अंगठा आणि एका बोटाने फिरवायची. पक्कड लावावी लागते आहे असं वाटलं की थांबा. पितळी चावी पकडीच्या जोराने मानेत तुटते आणि मग दोन दुखणी होतात.

लोंबत्या कुलपाचंही तसंच. कोयंडा कडीला खेचून धरत असतो. कुलूप वर उचलून धरा, कडी आत दाबा आणि मग चावी फिरवा. गंजलेलं असेल तर कडीच्या दोन्ही भोकांत आणि चावीच्या भोकात रॉकेल किंवा डिझेलचे चार-पाच थेंब सोडून १५-२० मिनिटं थांबा. मग कुलपाच्या कुशीवर लाकडी दांड्याने हलके ठोके द्या, म्हणजे गंज सुटतो. लोखंडी हातोड्याने जोरात मारलं तर आतल्या लिव्हर वाकतात आणि उघडण्याची उरलीसुरली शक्यताही जाते.

चावी अर्धी फिरून अडते. बऱ्याच दारकुलपांना दोन फेऱ्या असतात. पहिली फेरी झाली, दुसरी राहिली आणि आपण समजतो की अडली. उलट बाजूला पूर्ण फिरवून पुन्हा सुरुवात करा. तरीही त्याच जागी अडली तर जीभ पट्टीवर आपटते आहे.

चावी गरगर फिरते, काहीच हलत नाही. आत चावीचं फिरणं जिभेपर्यंत नेणारा तुकडा तुटला आहे किंवा त्याचा स्क्रू निघाला आहे. इथे मात्र तेल, ओढाताण, उचलणं काही उपयोगाचं नाही. चाबीवाला लागणार.

चावी पूर्ण फिरते, दार उघडत नाही. दार फुगलं आहे किंवा आतली कडी आपोआप पडली आहे. जुन्या घरांत वरच्या चौकटीला लोंबती साखळी किंवा कडी असते; ती ढिली झाली की दार जोरात आपटल्यावर स्वतःच कोयंड्यात पडते. अशी कडी आजच बदला, नाहीतर ती वर अडकवून ठेवायला खिळा मारा.

तुटलेल्या चावीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पहिल्या दोन मिनिटांत लोक जे करतात त्यानेच ती निघेनाशी होते. तुकड्याच्या पाठीवर चावीचा उरलेला भाग टेकवून फिरवायचा प्रयत्न करू नका, तुकडा आणखी खोल जातो. फेव्हिक्विक लावून चिकटवून ओढायची युक्ती तर कुलूप कायमचं मारते, कारण तो थेंब आतल्या पिनांवर सुकतो. आधी बघा की भोक कोणत्या स्थितीत आहे. पिनवाल्या कुलपात, म्हणजे सिलिंडर कुलपात, चावी ज्या स्थितीत आत जाते त्याच स्थितीत बाहेर येते. थोडी फिरलेली असताना तुटली असेल तर आधी बारीक स्क्रूड्रायव्हरने भोक मूळ जागेवर आणावं लागतं. मग पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकून घाला. तुकडा बाहेर डोकावत असेल तर टोकदार पकडीने सरळ ओढा. आत असेल तर लाकूड कापायच्या बारीक करवतीचं पातं, दात बाहेरच्या दिशेला ठेवून, चावीच्या दात्यांच्या बाजूने सरकवा, किंचित फिरवून दात अडकवा आणि ओढा. तीन-चार प्रयत्नांत नाही आलं तर सोडून द्या. दोन्ही तुकडे जपून ठेवा. ते जोडून धरले की मशीनवर नवी चावी कापता येते.

तेलाबद्दल खेड्यात इतके गैरसमज आहेत की त्यापायीच निम्मी कुलपं मरतात. हाताशी असतं ते खोबरेल. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे पारा १० अंशांवर येतो, तेव्हा कुलपात मेण बसल्यासारखं होतं. दुसरं हाताशी असतं ते जवसाचं. जवस तेल हवेत सुकून त्याचा पापुद्रा होतो, म्हणूनच तर ते रंगात आणि लाकडाला लावायला वापरतात. कुलपात ते महिन्याभरात डिंक होतं. पिनवाल्या सिलिंडर कुलपात तर कुठलंच तेल नको. तेलावर धूळ बसते, आणि कापूस वेचणीच्या किंवा मळणीच्या दिवसांत हवेत किती धूळ आणि तुसं असतात ते वेगळं सांगायला नको. त्यात फक्त कोरडी ग्रॅफाइट पूड. ती नसेल तर २बी किंवा ४बी पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासा आणि चावी आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. लिव्हरच्या लोंबत्या कुलपाला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब चालतात, तेही आधी रॉकेलने धुऊन कोरडं केल्यावर. गंज सोडवणारा फवारा अडलेलं मोकळं करायला चांगला, पण तो उडून गेल्यावर पुन्हा पेन्सिल लागतेच.

गोठ्याच्या आणि खताच्या गोदामाच्या कुलपांचं दुखणं निराळं. गोमूत्रातून आणि युरियातून अमोनिया सुटतो आणि अमोनियाने पितळ आतून तडकतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा जायच्या, त्याचं कारण हेच निघालं. तुमच्या गोठ्याच्या कुलपाची पितळी चावी तीन-चार वर्षांत किरकोळ जोराने तुटली तर चावी बनवणाऱ्याशी भांडू नका. अशा जागी स्टीलच्या कडीचं लोखंडी कुलूप आणि स्टीलची चावी बरी. कृषी केंद्रवाल्यांनी खताच्या पोत्यांची थप्पी शटरच्या कुलपापासून हात-दीड हात दूर लावावी. खताची पूड हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड खाते.

उघड्यावरच्या कुलपाला लोक पॉलिथिनची पिशवी गुंडाळतात. त्यात वाफ अडकते आणि कुलूप आणखी लवकर गंजतं. जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा कापून वरून झालर बांधा, खालची बाजू मोकळी ठेवा. पाणी ओघळतं, हवा खेळते.

दुकानदारांसाठी शटर. याच्याबद्दल सगळ्यात जास्त फोन जातात ते जूनमध्ये, मृगाच्या आसपास, जेव्हा बियाणं घ्यायला सकाळी सहापासून रांग लागते आणि कृषी केंद्राचं शटर उघडत नाही. शटरला दोन प्रकारची कुलपं असतात. एक, तळाच्या पट्टीला दोन्ही टोकांना लोंबती कुलपं. दुसरं, मधोमध असलेलं सेंटर लॉक. सेंटर लॉकमध्ये चावीने एक चक्री फिरते, आणि तिला जोडलेल्या दोन पट्ट्या डावी-उजवीकडे सरकून चॅनेलच्या (शटर ज्या उभ्या खाचेत सरकतं तिच्या) भोकांत जातात. त्यामुळे शटर थोडंही तिरपं किंवा अर्धवट खाली असलं तर एक पट्टी भोकात जाते, दुसरी चॅनेलच्या काठावर आपटते. उंबरठ्यावर सांडलेलं सोयाबीन, खताचे दाणे, चिखल एवढंही त्याला पुरतं. संध्याकाळी शटर ओढण्याआधी उंबरठा आणि दोन्ही चॅनेलचे तळ झाडणं, हीच सेंटर लॉकची खरी देखभाल.

अडलंच तर एकाने तळपट्टीवर पाय देऊन दाबायचं आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. नाही झालं तर दोघांनी दोन्ही टोकांना सारखं किंचित वर उचलायचं. एकाच टोकाला जॅक किंवा सब्बल लावून उचललं तर पट्ट्या वाकतात, शटर चॅनेलमधून निघतं, आणि मग ते काम चाबीवाल्याचं राहत नाही, फॅब्रिकेशनवाल्याचं होतं. पश्चिमेला तोंड असलेल्या शटरची आणखी एक गंमत लक्षात ठेवा. १० फूट रुंद लोखंडी पट्टी ३० अंशांनी तापली की साधारण १ मिलिमीटर वाढते. मेच्या दुपारी, आधीच घट्ट बसलेल्या शटरला तेवढी वाढ पुरेशी असते. जे दुपारी ४ ला हलत नाही ते सकाळी ७ ला उघडतं. घाई असेल तर ओल्या पोत्याने पट्ट्या गार करून पाहा.

चावी सेंटर लॉकमध्ये मोकळी फिरत असेल तर चक्री आणि पट्टी जोडणारा बोल्ट आत पडला आहे. मागचं दार असेल तर तिकडून आत जा. सेंटर लॉक आतून चार बोल्टवर बसवलेलं असतं, पान्याने दहा मिनिटांत निघतं. मागचं दार नसेल तर चाबीवाल्याशिवाय मार्ग नाही. वरच्या गुंडाळीतल्या स्प्रिंगला मात्र कुणीही हात लावू नका. तिच्यात कायम ताण असतो, आणि ती सुटली तर हात मोडते.

तोडायचीच वेळ आली तर काय तोडायचं याचा क्रम ठरलेला असावा. सगळ्यात स्वस्त कोयंडा, मग लोंबतं कुलूप, मग सिलिंडर (चावी जाते तो भाग), मग कुलपाची पूर्ण पेटी, मग दार, आणि सगळ्यात शेवटी चौकट. चांगला चाबीवाला याच क्रमाने जातो. पिनवालं सिलिंडर ड्रिल केलं तर सिलिंडर जातं, पेटी वाचते, नवं सिलिंडर त्याच जागी बसतं. ते दाराच्या काठातून येणाऱ्या एकाच लांब स्क्रूने धरलेलं असतं, म्हणून बदलायला सोपं. लोंबत्या कुलपाच्या कडीवर आधी कानस फिरवून बघतात: कानस लागली तर साधं लोखंड, घसरली तर कडक केलेलं पोलाद. साधी ८ मिलिमीटरची कडी हॅक्सॉच्या १२ इंची, इंचाला २४ दाते असलेल्या पात्याने कापता येते. पात्याचे दाते पुढच्या दिशेला हवेत. कडक पोलादावर हॅक्सॉ घासत बसू नये, तिथे कोयंडा कापणंच शहाणपणाचं. एका बाजूने कापून कडी फिरली नाही तर दुसरी बाजूही कापावी लागते.

आणि ग्राइंडर. विदर्भातल्या खेड्यात ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवावी अशी आहे. दिवाळी ते होळी घरोघरी कापूस भरलेला असतो, पडवीत कुटार, माळ्यावर तुरीच्या काड्या. ४ इंची ग्राइंडरच्या ठिणग्या सहज आठ-दहा फूट उडतात, दाराच्या फटीतून आत जातात, आणि कापसात पडलेली ठिणगी लगेच दिसत नाही. ती आत धुमसत राहते आणि दोन-तीन तासांनी, चाबीवाला घरी पोचल्यावर, पेट घेते. आत कापूस, कुटार, कडबा, फवारणीची औषधं किंवा गंधक असेल तर ग्राइंडर लावू देऊ नका. हॅक्सॉ किंवा बोल्ट कटर वापरा. २४ इंची बोल्ट कटर ८ मिलिमीटरच्या साध्या कडीला पुरतो. नाइलाज असेल तर दाराची फट ओल्या पोत्याने बंद करा, दोन बादल्या पाणी हाताशी ठेवा आणि काम झाल्यावर निदान तीन तास कुणीतरी तिथे बसून राहा.

आत गॅसचा वास येत असेल तर ग्राइंडर नाही, ड्रिल नाही, बेल नाही, बाहेरच्या बटणालाही हात नाही. खिडक्या बाहेरून उघडा, माणसं लांब करा आणि १९०६ वर फोन करा. गॅसगळतीसाठी तोच क्रमांक आहे.

आत मूल किंवा म्हातारं माणूस अडकलं असेल तर मात्र वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा बाहेरच्या ४५ अंशांच्याही वर जातो. लहान मूल अशा खोलीत अर्धा तासही ठेवायचं नाही. चाबीवाल्याची वाट पाहू नका. ११२ ला फोन लावा, आतलं माणूस उत्तर देत नसेल तर १०८ लाही लावा, आणि त्याच वेळी गावातल्या दोन धडधाकट माणसांना कामाला लावा. पहिला मार्ग खिडकी: काच मुलापासून सगळ्यात लांबच्या खिडकीची फोडा, कोपऱ्यातून, कापड गुंडाळून. बोलण्याइतकं मूल मोठं असेल तर एकाने सतत खिडकीशी बसून त्याच्याशी बोलत राहायचं. रडणाऱ्या मुलाला "कडी वर कर" असं शांतपणे सांगितलं तर बऱ्याचदा तेच उघडतं. दुसरा मार्ग छप्पर. कवेलूचं घर असेल तर दहा-बारा कवेलू काढले की बारीक माणूस आत उतरतो. कवेलू मूल असलेल्या जागेपासून दूरचे काढा. पत्र्यावर चढायचं तर फक्त खाली आडवा दांडा लागलेला आहे तिथेच, म्हणजे बोल्टच्या ओळीवर पाय ठेवा. तिसरा मार्ग बिजागरी. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागरीची पिन बाहेरच असते. खालून खिळा लावून ठोकली की वर येते. दार आत उघडणारं असेल तर कुलपाच्या शेजारी, जिथे जीभ आहे तिथे, लाथ मारावी. मधोमध मारलेली लाथ फळी फोडते, दार उघडत नाही.

चाबीवाल्याला बोलावताना फोनवर अर्धं काम उरकून घ्यायचं. तो ३० किलोमीटर येणार, आणि बरोबर सिलिंडर नसेल तर परत जाणार, त्याचे पैसे तुमचेच. कुलपाचा समोरून एक फोटो, दाराच्या काठाचा एक फोटो, चावी गोल भोकाची आहे की चपटी की ठिपक्यांची कॉम्प्युटर चावी, हे सांगा. ठिपक्यांच्या चावीला वेगळं मशीन लागतं, ते प्रत्येकाकडे नसतं. सिलिंडर बदलायचं असेल तर मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. ३० आणि ३० म्हणजे ६० चं, ३० आणि ४० म्हणजे ७० चं. दार आत उघडतं की बाहेर, वीज आहे की नाही, नाल्याला पाणी आहे का, आत कापूस आहे का. येण्याजाण्याचे किती, उघडण्याचे किती, न तुटता उघडलं तर किती आणि कुलूप बदलावं लागलं तर किती, रात्रीचे जास्त किती, हे सगळे आकडे निघायच्या आधी ठरवा आणि एका मेसेजमध्ये लिहून घ्या. नंतरची घासाघीस दोघांनाही नको असते. चावीचा फोटो मात्र फक्त त्यालाच पाठवा, गावाच्या ग्रुपवर टाकू नका. दात्यांच्या स्पष्ट फोटोवरून चावी बनते.

आल्यावर तो तुमची ओळख विचारेल. विचारलीच पाहिजे, आणि न विचारता जो कुलूप उघडतो त्याला पुन्हा बोलावू नका, कारण तो तुमच्या माघारीही कुणासाठी तरी तसंच उघडेल. आधार कार्ड, घरटॅक्सची पावती किंवा वीजबिल काढून ठेवा. ते आतच असेल तर शेजारचे दोघे. भाऊबंदकीचं घर, हिस्से पडलेले नाहीत, चावी दुसऱ्या भावाकडे आहे, असं काही असेल तर पोलीस पाटलांना बोलावूनच कुलपाला हात लावावा. ग्रामपोलीस अधिनियम १९६७ चा, आणि त्याखाली गावातली शांतता राखणं हे त्यांचं काम. भाडेकरूच्या खोलीला घरमालकाने परस्पर नवं कुलूप लावलेलं असो वा उलट, तिथेही तेच. आणि बँकेचं, तहसीलचं, पोलिसांचं सील असलेलं कुलूप कुणीही कितीही पैसे देतो म्हणाला तरी उघडायचं नाही. त्या सीलखाली तुमचाच माल असला तरी आधी कार्यालयात अर्ज.

सकाळी येऊन पाहिलं आणि कुलूप तुटलेलं दिसलं, तर ते उचलू नका, दाराची कडीही धरू नका, आत जाऊ नका. चोर अजून आत असू शकतो, आणि कुलपावरचे ठसे पोलिसांच्या कामाचे असतात. बाहेरूनच फोटो काढा आणि ११२ ला कळवा. पंचनामा झाल्यावर चाबीवाला.

लोखंडी कपाट आणि तिजोरीबद्दल थोडक्यात. कपाटाचं हॅंडल फिरलं की वर, खाली आणि बाजूला अशा तीन ठिकाणी दांड्या सरकतात. फरशी खचून कपाट एका पायावर आलं की वरची दांडी अडते. पुढच्या दोन्ही पायांखाली आळीपाळीने पुठ्ठ्याची घडी सरकवून चावी फिरवून पाहा. ही साधी गोष्ट फार कपाटं वाचवते. जड कपडे आतून दाराला टेकले असतील तर दार गुडघ्याने दाबून धरा. तिजोरीला ठोकू नका, ड्रिल करू नका. काही तिजोऱ्यांत धक्का बसला की दुसरं कुलूप आपोआप पडतं आणि मग ते उघडणं कितीतरी पट महाग होतं. पतसंस्था, पेट्रोलपंप अशा ठिकाणी आता बटणांची इलेक्ट्रॉनिक कुलपं येताहेत. ती मेली तर बहुतेक वेळा सेल संपलेले असतात. खालच्या काठावर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायचे दोन ठिपके किंवा मोबाइलच्या केबलची खाच आहे का ते आधी बघा.

नवं कुलूप घेताना दुकानातच त्याच खोक्यातल्या दोन-तीन कुलपांच्या चाव्या एकमेकांना लावून पाहा. स्वस्त कुलपांमध्ये चावीचे प्रकार मोजकेच असतात, शेजाऱ्याची चावी लागू शकते. गोदामाला ६५ मिलिमीटरचं, १० मिलिमीटर किंवा जाड कडीचं, कडीच्या दोन्ही पायांना पकडणारं घ्या. पण तेवढं कुलूप लावून कोयंडा पाऊण इंची स्क्रूवर ठेवला तर पैसे वाया, सब्बलीच्या एका हिसक्याने तो निघतो, आणि चौकटीला वाळवी असेल तर हातानेही. कोयंडा ८ मिलिमीटरच्या आरपार बोल्टवर बसवा, गोल डोकं बाहेर, मोठा वायसर आणि नट आत. कुलूप लागल्यावर बोल्टची डोकी कोयंड्याच्या पट्टीखाली झाकली गेली पाहिजेत.

चाव्यांचं एक सूत्र पाळा. मूळ चावी वापरायची नाही. ती जपून ठेवायची आणि नेहमी तिच्यावरूनच नक्कल काढायची. नकलेवरून नक्कल काढली की प्रत्येक वेळी चूक थोडी वाढते, आणि तिसऱ्या पिढीची चावी कुलूप झिजवते. एक नक्कल दुसऱ्या गावातल्या जवळच्या नातलगाकडे, कारण पुरात किंवा आगीत एकाच गावातली दोन्ही घरं एकदमच अडचणीत येतात. चावीला नाव-पत्ता बांधू नका, रंगीत दोरा बांधा. दुकानातला नोकर सोडून गेला की त्याने चावी परत दिली तरीही सिलिंडर बदला.

वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीनंतर, सगळ्या कुलपांना पेन्सिल, सगळ्या बिजागऱ्यांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि बिजागरीचा ढिला स्क्रू दिसला तर त्याच भोकात आगकाडीचे दोन तुकडे आणि फेव्हिकॉल घालून पुन्हा घट्ट.